बोला, माउली

"पण बुवा, कोण हाक मारतंय हे कळल्याशिवाय ओ द्यायचीच कशाला?" हृषीकेशने विचारलं.

 मठाचे प्रमुख गैबीबुवा फोन स्वतः उचलायचे आणि समोर कोणीही असो, "बोला, माउली," म्हणायचे.

हृषीकेशला त्याची चीड यायची. इंजिनिअरची नोकरी सोडून तो मठात आला होता आणि आज संध्याकाळी त्याला दीक्षा मिळणार होती. नोकरी सुटली, इंजिनिअरपणा काही सुटला नव्हता. मठाच्या फोनचं सिमकार्ड त्याने लॅपटॉपला जोडलेल्या एका मॉडेममध्ये घातलं होतं.

"प्लॉट विकणाऱ्यालाही तुम्ही माउली म्हणता."

"मग काय म्हणू?"

"काहीच नाही. हे बघा." त्याने टाइप केलं : एटी प्लस क्लिप बरोबर एक. "एरवी हे नुसतं 'रिंग' म्हणतं. ही आज्ञा दिली की कोणाचा फोन आहे तेही सांगतं. नकोसा असला तर वाजू द्यायचा."

"आणि हवासा असला तर?"

"हे बटण दाबायचं."

तेवढ्यात पडद्यावर 'रिंग' उमटलं. त्याखाली नंबर.

हृषीकेशचा हात बटणाकडे गेला... आणि मागे आला.

"कोण आहे?"

"आई." तो पडद्याकडेच बघत होता. "आज ऑपरेशन आहे तिचं. आत नेण्याआधी एकदा बोल म्हणत होती. माझा मोबाइल मी बंद ठेवलाय, म्हणून इथे लावतेय."

"मग?"

"तिचा आवाज ऐकला की मी ढिला पडतो, बुवा. आजच्या दिवशी तरी नको."

रिंग... रिंग...

बुवांनीच हात पुढे केला. तोवर वाजणं थांबलं होतं.

"पाहिलंत? आज्ञा बरोबर चालली," हृषीकेश म्हणाला. नजर मात्र अजून त्या नंबरवरच होती.

 मग हृषीकेशने आपणच तो नंबर लावला. तिकडे वाजत राहिलं. त्याने पुन्हा लावला. कोणी उचललं नाही.

बुवा उठले. तबकातली दीक्षेची माळ त्यांनी उचलली आणि मॉडेमला घातली.

"बुवा... ती माझी माळ आहे."

"याला ओ देता येत नाही," बुवा म्हणाले. "तुला येत होती."