बारवेचे मानकरी

“भिंत घाला! उद्याच्या उद्या या बारवेच्या दाराला दगडी भिंत घाला!”

राजा प्रतापधवल शेलवणच्या बारवेच्या वरच्या पायरीवर उभा राहून गरजत होता. गरजणार नाही तर काय! रानातली ही जुनी बारव दाखवायला त्याने आपल्या नव्या व्याह्यांना मोठ्या हौसेने आणलं होतं. तीन मजले खोल बांधकाम, भिंतीभर हत्ती, मोर, आरसा धरलेल्या बायका. व्याह्यांनी सगळं पाहिलं आणि मिशीत हसून म्हणाले, “राजे, तुमच्या बारवेत पाण्यापेक्षा नावंच जास्त दिसतात!”

यात खोटं काहीच नव्हतं. मोराच्या पिसाऱ्यावर ‘गणोजी’, बाईच्या आरशात ‘रखमा’, आणि दाराच्या चौकटीवर सावकाराच्या जावयाचं नाव, तेही आडनावासकट! जत्रेला येणारा जो तो कमरेचा खिळा काढायचा आणि दिसेल त्या दगडावर स्वतःला अमर करून घ्यायचा.

“म्हाराज, भिंत नगा घालू!” खालून आवाज आला.

हातात खराटा घेऊन पायऱ्या चढत आली ती भिवरा. बापामागे बारवेची राखण तिच्याकडे होती. पायऱ्या झाडायच्या, सांध्यात उगवलेली पिंपळाची रोपटी उपटायची आणि आलेल्यागेलेल्याला एकेका मूर्तीची गोष्ट रंगवून सांगायची, हे तिचं काम. भिंतीवरची नावं वाचून वाचूनच ती अक्षरं शिकली होती. दर चैत्रात गाळ उपसायची वेळ आली, की मात्र हे नाववाले झाडून सगळे गायब! मग भिवरा आणि चार म्हाताऱ्या मिळून पाट्या वाहायच्या.

“का नको घालू?” राजाने डोळे वटारले. “लोक इथे बघायला येतच नाहीत, कोरायला येतात!”

“पर दार बुजवलं तर बघाया तरी कोन येनार? हत्तीच्या गोष्टी मी काय पिंपळाला सांगू?”

बोलता बोलता तिची नजर समोरच्या भिंतीवरच्या हत्तीकडे गेली. ती आणखी काही बोलणार होती, पण तिने जीभ चावली.

राजा हट्टी होता, पण त्याला पैजेचा नाद होता. “ठीक आहे! या चैत्रातल्या जत्रेला गेल्या वर्षीच्या दुप्पट माणसं बारवेत उतरली पाहिजेत आणि दगडावर एकही नवा ओरखडा उठता कामा नये. पहारा ठेवायचा नाही, दोर बांधायचा नाही, कुणाला दंडही करायचा नाही! जमलं तर बारव उघडी राहील. नाही जमलं, तर इथे भिंत, आणि तू खराटा घेऊन दुसरं गाव बघ.”

भिवराचा सारा जन्म या पायऱ्यांवर गेला होता, दुसरं गाव कुठलं बघायचं? तिने खराट्यावर हनुवटी टेकून जरा विचार केला.

“एक शब्द द्या म्हाराज. जत्रंत मी ज्याला मान दीन, त्यानं त्यो नाकारायचा न्हाई.”

“मान?” राजा हसला. “वेडे, मान कोण नाकारतं? मीसुद्धा नाकारणार नाही! दिला शब्द.”

दुसऱ्याच दिवशी गावोगाव दवंडी फिरली. “ऐका हो ऐका! बारवेवर ज्याचं नाव, त्यो बारवेचा मानकरी! फेटा, नारळ आनि हलगीच्या तालावर मान!”

प्रधानजी धावतच आले. “अगं, काय केलंस हे! आता तर लोक कोरायला तुटून पडतील!”

“आधी मान बघू द्या की त्यास्नी,” भिवरा म्हणाली. “मंग कोरू द्या.”

जत्रेला ही गर्दी लोटली! नाववाले आले, त्यांचे सगेसोयरे आले, आणि ज्यांची नावं नव्हती ते कमरेला खिळे खोचून आले. राजाही येऊन बसला. पहिला मान सावकाराच्या जावयाचा. भिवराने त्याला टिळा लावला, फेटा बांधला, नारळ दिला. हलगी कडाडली. जावईबापू फुलून गेले. मग तिने त्यांच्या हातात रिकामी पाटी ठेवली.

“हे काय?”

“मानाचा गाळ! बारव ज्याच्या नावाची, गाळ त्यानं उपसायचा. दर साली!”

“मी? चिखलात?”

“नाकारायचं न्हाई, म्हाराजांचा शब्द हाय!”

जावईबापू गुडघाभर चिखलात उतरले आणि बारव हशाने दणाणली. त्यांच्यामागे गणोजी उतरला, रखमा उतरली, पाठोपाठ बाकीचे सगळे. ही गंमत बघायला आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतून माणसांची रीघ लागली. आणि कमरेचे खिळे? ते ज्याने त्याने गुपचूप खिशात सरकवले!

संध्याकाळी प्रधानजींनी कानाकोपरा तपासला. माणसं दुपटीहून जास्त, नवा ओरखडा एकही नाही.

“जिंकलीस पोरी!” राजा उठला. “झाले ना सगळे मानकरी?”

“एक ऱ्हायलाय म्हाराज.”

“कोण आहे तो? बोलव त्याला!”

भिवराने हत्तीकडे बोट दाखवलं. हत्तीच्या पाठीवर, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत कोरलं होतं: ‘बाळराजे प्रतापधवल’.

हलगी थांबली. प्रधानजींना खोकल्याची उबळ आली. लहानपणी आजोबांची कट्यार पळवून आपण काय उद्योग केला होता, ते राजाला लख्ख आठवलं. भिवराने हातातला नारळ पुढे धरला. दुसऱ्या हातात पाटी होती.

राजाने नारळाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. मग अंगरखा वर खोचला आणि निमूट चिखलात उतरला. लोकांनी असा काही जल्लोष केला, की कोनाड्यांतले पारवे उडाले!

भरलेली पाटी डोक्यावर घेऊन राजा धापा टाकत वर आला. “भिवरा, ही बारव तुझ्या राखणीत कायमची. वरची आमराईही तुला इनाम! आणि दारावर मोठ्या अक्षरांत तुझं नाव कोरून घेतो!”

“अगं बाई, नगं नगं!” भिवरा दोन पावलं मागे सरकली. “आमराई द्या. पर नाव कोरलंत, तर फुडल्या साली गाळ मलाच उपसावा लागंल!”

राजा इतका खदखदून हसला, की डोक्यावरची पाटी कलंडली आणि सगळा गाळ प्रधानजींच्या नव्या जोड्यांवर पडला.