महासर्पाचा खांदा

ज्या काळी राजे रयतेबरोबर जमिनीवर बसून नाटकं बघत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

एका राजाला नाटकासाठी महासर्प हवा होता. चार पायांचा, पंखांचा, तोंडातून जाळ ओकणारा. असा प्राणी कोणी पाहिलेला नव्हता. राजाने धडाचं काम एका सुताराला दिलं आणि पंखांचं बांबूच्या कामट्या विणणाऱ्या एका बुरूडणीला. "महासर्प जिवंत वाटला पाहिजे," तो म्हणाला. "ज्याचं काम सरस, त्याला मानाचा शेला."

त्या एका शेल्याने दोघांच्याही मनात एकमेकांविषयी संशयाची पाल चुकचुकली.

सुतार नदीकाठी घोरपड न्याहाळू लागला. तिचे पाय कुशीतून कसे फुटतात, चालताना कणा कसा वळतो, ते बघून त्याने लाकूड घडवलं. बुरूडीण वटवाघळं बघत बसे. एकदा तिला मेलेली घार सापडली. तिने ती उकलून पाहिली. छातीच्या मधोमध हाडाची उभी कड होती, नांगराच्या फाळासारखी. पंख ओढणारं सगळं मांस त्या कडेलाच धरलेलं होतं.

ती सुताराकडे गेली. तिला पाहताच त्याने धडावर घोंगडी टाकली.

"दादा, छाती पुढे काढा. सपाट छातीला पंख पेलायचे नाहीत. दोऱ्या ओढल्या की फाटेल."

'माझं काम बिघडवायला आलीय,' सुताराच्या मनात आलं. तो म्हणाला, "बघू."

"आणि खांद्याच्या खोबणीचं माप?"

"दीड वीत."

माप त्याने खरंच सांगितलं होतं. पण बुरूडीण वाटभर विचार करत राहिली. घोंगडी काही उचलली नाही, माप मात्र चटकन दिलं. का बरं? खरी खोबण लहानच असणार, असं धरून तिने पंखाचा दांडा एक वीतच जाड ठेवला.

नाटकाच्या दिवशी दांडा खोबणीत खुळखुळू लागला. 'हिने मुद्दाम केलं,' सुताराला वाटलं. 'याने खोटं सांगितलं,' बुरूडणीला वाटलं. दोघांनी एकमेकांकडे न बघता फटीत चिंध्या कोंबल्या.

महासर्पाच्या पोटात सुताराचा भाऊ शिरला. राज्यातला नावाजलेला नर्तक तो. त्याने दोऱ्या ओढल्या. पंख उघडले, आणि लोक श्वास रोखून बघत राहिले. दुसऱ्या झेपेला सपाट छाती फाटली, दांडा निसटला आणि अख्खा पंख त्याच्या हातावर कोसळला.

हाड जुळलं, पण तो हात खांद्याच्या वर पुन्हा कधी गेला नाही. त्याचं नाचणं संपलं.

पुढे एके दिवशी सुतार मोडक्या धडापाशी गेला. बुरूडीण आधीच तिथे होती, खोबणीला वीत लावून बघत.

"दीडच आहे," ती म्हणाली.

सुताराने फाटलेल्या छातीवरून हात फिरवला. "तू म्हणालीस तिथेच फाटलंय."

शेला राजाकडेच राहिला. तो मागायला कोणी गेलं नाही.

मनात संशय धरून ऐकलं, की समोरच्याने सांगितलेलं खरंही वाया जातं.