जंटलमनलीनेसचा वारस

सिद्राम हेळव्याचा बैल महाराजांनी जप्त केला. गुन्हा काय, तर तो खरं बोलला. हेळवी म्हणजे बैलावर बसून दारोदार फिरणारा, घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणणारा माणूस. चिंचखेडच्या दरबारात, गोऱ्या पाहुण्यासमोर त्यानं सुरुवात केली, "महाराजांचे खापरपणजे कुरणात गवत कापत होते..." झालं! चार महिने विलायतेत काढून साहेब बनून आलेले भुजंगराव महाराज लालबुंद झाले.

"वंशावळींचा एवढा नाद आहे ना? मग 'जंटलमनलीनेस' या इंग्रजी शब्दाची वंशावळ सांग, शेपटासकट. तोवर बैल माझ्या तबेल्यात. उद्या सांगता आली नाही, तर कायमचा माझा."

बैल गेला म्हणजे पोट गेलं. सिद्राम कपाळाला हात लावून बसला. त्याची लेक निंगव्वा म्हणाली, "आप्पा, आपण कुठली वंशावळ आईच्या पोटातून शिकून येतो? त्या घरच्या म्हाताऱ्यांनाच विचारतो की."

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली आणि महाराजांना डावलून थेट पाहुण्याकडे वळली. "साहेब, हा शब्द तुमच्या घरचा. त्याचे वाडवडील कोण?"

साहेब खूश झाला. इतकी वर्षं मराठी शिकला, पण त्याला कुणी काही विचारतच नव्हतं. "जंटल रोमहून निघाला, फ्रान्समार्गे आमच्याकडे आला. मुळात अर्थ, एका कुळातला. मॅन घरचाच, म्हणजे माणूस. ली एके काळी स्वतंत्र शब्द होता, अर्थ देह. पुढे त्याचं घर बुडालं, तो दुसऱ्याच्या पाठीला चिकटला, आणि 'सारखा' एवढाच अर्थ उरला. नेस म्हणजे तुमचं 'पणा'. त्याला स्वतःचं घर कधी नव्हतंच."

"म्हणजे आश्रित," निंगव्वा म्हणाली. "असे इथंही पुष्कळ बसलेत." मानकऱ्यांनी माना खाली घातल्या.

"हे तर साहेबांनी सांगितलं," महाराज गुरगुरले. "तू काय दिवे लावलेस?"

"मी विचारलं, महाराज. तुम्ही चार महिन्यांत तेवढंही केलं नाहीत. आणि वंशावळ अजून पुरी कुठं झाली? आमच्या रिवाजात शेवटचं नाव घरातल्या जिवंत वारसाचं. वारस नसेल तर 'निर्वंश' म्हणायचं आणि निघायचं. खरं बोलला म्हणून गरिबाचा बैल बांधून ठेवणाऱ्या या वाड्यात जंटलमनलीनेसचा वारस आहे म्हणू, की निर्वंश म्हणू? तुम्ही सांगाल तसं गावोगाव म्हणेन."

साहेबानं रुमालात तोंड लपवलं. महाराज त्याच्याकडे बघत राहिले, मग तबेल्याकडे बघितलं, आणि खो खो हसत सुटले. "सोडा रे तो बैल. जरीची झूल घाला त्याला."

"बैल झूल खात नाही, महाराज."

"मग काय हवं?"

"जन्मभर गवत. तुमच्या खापरपणज्यांनी कापलं, त्याच कुरणातलं."

"दिलं," महाराज डोळे पुसत म्हणाले, "झूलही ने, आणि माझ्या घराण्याची वंशावळ म्हण. गवतापासून सुरू कर."