काठीला अंग घासणारं मुंगूस

“किती मारायचं, माय? तेवढं एकच सांग.”

दिवस कलताना उकंडरावानं मठाच्या अंगणात पाय टाकल्या टाकल्या हे विचारलं. ना नमस्कार, ना बसणं. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, डाव्या हातात काठी. मागं त्याची पोरगी वच्छी, आठ-नऊ वर्षांची. तिनं झाकणाची टोपली छातीशी घट्ट धरली होती. टोपलीत काहीतरी खुडबुडत होतं.

सारजामाय ओट्यावर बसून भाजलेल्या शेंगा सोलत होती. नदीकाठच्या त्या मठात ती एकटीच राहायची. अडलानडला माणूस तिच्याकडे यायचा.

“कोनाले मारायचं?” तिनं विचारलं.

“मुंगसाले.”

“काहून?”

“चावते.”

माय शेंगा सोलत राहिली.

आता हा उकंडराव म्हणजे काही लहानसहान असामी नव्हता. शंकरपटात बैल पळवावेत तर त्यानंच. त्यानं नुसतं खाकरलं तरी गोठ्यातल्या बैलांचे कान उभे राहायचे. असा माणूस, आणि त्याच्याच घरात हे वीतभर जनावर! तुरीच्या वावरात पोरीला पिल्लू सापडलं, तिनं ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं, भुऱ्या म्हणून नाव ठेवलं. इथवर ठीक. पण आदल्या दिवशी भुऱ्यानं उकंडरावाचाच अंगठा फोडला आणि सगळी चावडी खो खो हसली. “उकंडरावाले बैल वळते, मुंगूस वळत नाही!”

झालं. माणसाचं डोकं फिरलं. भर चावडीत बोलून बसला, की उद्या दिवस बुडायच्या आत त्याला वळण लावतो, नाही तर नाल्यात नेऊन ठेचतो.

वच्छीनं ते ऐकलं होतं. तेव्हापासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता.

“काय काय करून पाहिलं?” मायनं विचारलं.

“काय नाही केलं, ते विचार. नाकावर टिचक्या मारल्या. मानगूट धरून उलटं केलं. ओल्या फडक्यानं झोडलं. उपाशी ठेवलं.”

“मंग?”

“मंग अजून चावते.”

“म्हनून अजून मारायचं.”

“मंग काय पूजा करू त्याची?”

माय हसली. चिडली असती तर बरं, असं उकंडरावाला वाटलं असावं. तो जरा गडबडला.

“खायाले काय देतोस त्याले?”

“अंडं. दूधभात.”

“कशानं?”

“या काठीनं. काठीच्या टोकाले लावतो अन् पुढं करतो. बोट कोन देईन त्याच्या तोंडात?”

“काठीले चावते?”

“काठीले?” उकंडराव थांबला. “नाही… काठीले नाही चावत. काठी दिसली का धावत येते. अंग घासते तिले.”

“अन् हात दिसला का?”

“चावते.”

“मंग तुह्या हातानं त्याले आजवर काय देल्लं?”

उकंडराव फडक्याची गाठ उगाच घट्ट करत बसला.

“बाप्पा!” माय म्हणाली. “जनावर तं हुशार आहे.”

वच्छीला हसू आलं. बापानं वळून पाहिलं, तसं ते तिनं तिथंच गिळलं.

“तुले चावते का वं, वच्छे?” मायनं विचारलं.

“एकडाव चावलं. मी रडली. मंग त्यानं सोडलं. मंग चाटलं.”

“तिची गोष्ट सोड, माय,” उकंडराव म्हणाला. “ती लेकरू आहे. माह्या घरची रीत येगळी. पटाच्या बैलाले आपन आपल्या हातानं कवाच चारत नाही. चारा गडी टाकते. मालकाचा हात फक्त वेसनीले. माह्या बापानं मले एकच शिकवलं, हात गोड झाला का बैल माजते. आजवर माहा एक बैल माजला नाही. जाऊन विचार कोनाले बी!”

छाती फुगवून बोलला. आणि खोटं बोलला नाही, हे सांगायला हवं. त्याचे बैल खरंच माजले नव्हते. त्याच्याजवळही कधी आले नव्हते, पण ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

मायनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“टोपली ठेव इथं, वच्छे. झाकन काढ.”

“माय, चावन बरं!” उकंडराव पुढं झाला.

मायनं आपला म्हातारा, सुरकुतलेला हात टोपलीत उघडा पसरला आणि तसाच ठेवला.

भुऱ्या कोपऱ्यात फुगून बसला होता. मोठा हात. त्याला काय कोणाचा हात ते कळणार? झेप घेतली आणि तळव्याच्या कडेला कचकन दात रोवले.

मायचा चेहरा वेडावाकडा झाला. डोळ्यांत पाणी आलं. दुखलं, चांगलंच दुखलं. उकंडरावानं काठी उगारली.

“थांब!”

काठी वरच्या वर राहिली. मायचा हात जागचा हलला नाही. रक्ताचा थेंब टोपलीत पडला…

भुऱ्यानं दात रोवलेलेच ठेवले, डोळे बारीक करून. तो टिचकीची वाट पाहत होता. टिचकी आली नाही.

थोड्या वेळानं त्यानं सोडलं. मागं सरकला. पुन्हा पुढं आला, नाक लावलं, पुन्हा मागं. मायनं दुसऱ्या हातानं ओट्यावरच्या आपल्या वाटीतला दूधभात घेतला आणि रक्ताळलेल्या बोटांवर ठेवला.

भुऱ्यानं भात पाहिला. हात पाहिला. पुन्हा भात पाहिला…

आणि चाटू लागला.

“चमत्कारच झाला, माय!” उकंडराव म्हणाला.

“कायचा चमत्कार? उद्या पुन्हा चावन.”

“मंग?”

“मंग पुन्हा भात देजो.”

“असं किती दिवस?”

“त्याले दिवस मोजता येत नाहीत.”

उकंडरावाची काठी खाली आली होती. बराच वेळ तो मायच्या हाताकडे बघत होता.

“एवढं चावलं, तरी तू हात मागं काहून नाही घेतला?”

मायनं हात पदराला पुसला. सुपातले मूठभर दाणे घेतले, वर गुळाचा खडा ठेवला.

“हे घे.”

घ्यायचं म्हणजे काठी खाली ठेवणं आलं, कारण दुसऱ्या हाताला फडकं. त्यानं काठी ओट्याला टेकवली, हात पुढं केला. मायनं दाणे-गूळ त्याच्या तळव्यावर ओतले.

“मुंगसाले चारू?”

“ते जेवलं. तोंड पाह्य पोरीचं, उपाशी आहे ते.”

“तिले… तिची माय देते खायाले.”

“आज तू दे.”

“मी कवा नाही देल्लं, माय. बापानं लाड केले का पोर…” बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं बहुतेक. वाक्य अर्धंच राहिलं.

तो वळला. वच्छी खाली बसून भुऱ्याकडे बघत होती. उकंडरावानं हात तिच्याकडे नेला.

मोठा हात.

पोरीनं डोळे गच्च मिटले. मान खांद्यात गेली.

उकंडरावाचा हात तिथंच अडला. पोरीला त्यानं काही रोज मारलं नव्हतं. चुकली तर एखादी चापट. कोणता बाप देत नाही? पण त्या हातानं आणखी काय दिलं, ते आठवायला गेला, तर काही आठवेना.

तो हळूच खाली बसला, तिच्या उंचीला.

“वच्छे… मी मारत नाही वं. गूळ आहे. हा पाह्य ना.”

वच्छीनं एक डोळा उघडला. गुळाकडे पाहिलं. हाताकडे पाहिलं. दोन्ही हात पाठीमागं नेले आणि तशीच बसून राहिली.

दिवस केव्हाच बुडाला होता. चावडीवरच्या बोलण्याची आठवण कोणालाच राहिली नव्हती. भुऱ्या टोपलीच्या काठावर चढून सगळ्यांकडे बघत होता. उकंडरावाचा हात अवघडला, त्यातला गूळ घामानं चिकट व्हायला लागला. त्यानं रडवेल्या तोंडानं मायकडे पाहिलं.

“घेत नाही, माय. आता काय करू?”

माय पुन्हा शेंगा सोलायला बसली होती.

“हात मागं घेऊ नको.”