नमुन्याची बरणी

"मग हिचा ताप उतरत नाही, यात माझ्या औषधाचा काय दोष?"

विश्वंभर वैद्य मठाच्या ओसरीवर उभ्यानेच विचारत होता. पायातल्या चपला काढायचंही भान त्याला राहिलं नव्हतं.

समोर धर्मगिरी महाराज बसले होते. याच मठात, त्यांच्याच हाताखाली विश्वंभर औषधं करायला शिकला. आता तालुक्याच्या गावी त्याचा कारखाना होता आणि पुड्यांवर त्याचा फोटो.

बाजूला घोंगडीवर तुळशीराम धनगराची बायको सोना पडली होती. अंग तापाने नुसतं फणफणत होतं. अमावास्येपासून ती विश्वंभरच्या कारखान्यातलं गुळवेलीचं सत्त्व घेत होती, आणि आता पौर्णिमा आली होती. महाराजांनी तिला पाहिलं आणि लगेच सरकारी दवाखान्यात न्यायला जीप बोलावली. त्या जीपचीच वाट पाहणं चाललं होतं.

"आमी काय वंगाळ बोललो, वैद्यबुवा?" तुळशीराम म्हणाला. "पुडी घ्येतली, गुण न्हाई आला. येवढंच म्हनलं."

"भर बाजारात म्हणालास. लोक माझ्या पुड्या परत करताहेत. माझं नाव घालवलंस तू."

चोराच्या उलट्या बोंबा आपण पुष्कळ ऐकतो. पण आजारी बाईच्या उशाशी उभं राहून मारलेली बोंब ऐकली की तळपायाची आग मस्तकात जाते.

विश्वंभरने खिशातून कागद काढला.

"महाराज, हा प्रयोगशाळेचा दाखला. सत्त्व शुद्ध, उत्तम प्रतीचं, असं स्पष्ट लिहिलंय. आपण एक शब्द टाका. हा आपलं ऐकेल. चार लोकांत सांग म्हणावं, माझी चूक झाली."

महाराजांनी कागद सावकाश वाचला. मग तुळशीरामच्या पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली...

आणि ओसरीखाली जाऊन थुंकले.

"कपड्यांना लावायची खळ आहे ही."

"थोडं आरारूट असतं, महाराज. सगळेच घालतात. मणभर वेल कुटावी तेव्हा तळाला ओंजळभर सत्त्व बसतं, हे आपणच शिकवलंत. आणि मागणी किती आहे! एवढी गुळवेल आणायची कुठून?"

"मग हे प्रयोगशाळेला कसं कळलं नाही?"

विश्वंभर वाकून पायातली चप्पल काढू लागला.

"नमुना कुठला पाठवलास?"

त्याने दुसरी चप्पलही काढून बाजूला ठेवली.

"विश्वंभर."

"आपण दिलेल्या बरणीतला."

तो मठ सोडून निघाला तेव्हा महाराजांनी आपल्या हाताने वेल कुटून, भिजवून, निवळून काढलेलं सत्त्व त्याला एका बरणीत भरून दिलं होतं. ती बरणी त्याने देव्हाऱ्यात ठेवली. रोज तिच्यावर फूल वाहिलं. आणि दाखला लागला तेव्हा तिचंच झाकण उघडलं.

"नैवेद्याचं ताट आपण निवडक पदार्थांचंच वाढतो ना, महाराज? परीक्षेलाही उत्तम तेच पाठवावं. त्यात आपलाच मान राहिला."

हे म्हणताना तो जराही चाचरला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला तर त्याचाच जास्त संताप येतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. इथे एक बाई अंथरुणाला खिळली होती.

महाराजांचा आवाज चढला नाही. त्यांनी दाखल्याची घडी घालून तो परत दिला.

"प्रयोगशाळा खोटं बोललेली नाही," ते म्हणाले.

"तेच तर मी मघापासून सांगतोय."

सोना कण्हली. तुळशीरामने तिच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि रस्त्याकडे पाहिलं. जीप अजून दिसत नव्हती.

विश्वंभरला बहुधा थोडी दया आली, किंवा वैद्यपण आठवलं. तो खाली बसला.

"आणा, मी बघतो हिची नाडी."

त्याने हात पुढे केला. महाराजांनी सोनाचा हात उचलून तिच्या पदराखाली सरकवला आणि त्या जागी आपलं मनगट ठेवलं.

"बघ."

"आपली?"

"बघ म्हटलं ना."

गुरूची आज्ञा. विश्वंभरने तीन बोटं टेकवली, शिकवलं होतं तसे डोळे मिटले. ओसरीवर सोनाचा धाप लागलेला श्वास तेवढा ऐकू येत होता...

"उत्तम आहे, महाराज. ताप नाही, दोष नाही. या वयात अशी नाडी दुर्मिळ."

"नक्की?"

"अगदी नक्की. लिहून देऊ?"

"दे," धर्मगिरी महाराज म्हणाले. "आणि लिहिलेलं सोनाला वाचून दाखव. मग जीप आली की परत पाठवून दे."