पट्टा आणि खांदा

एकदा न्यायशास्त्र शिकवणाऱ्या एका वृद्ध नैयायिकाचा डावा पाय त्याच्या आज्ञेबाहेर गेला. पक्षाघाताचा झटका येऊन गेला. वाणी शाबूत राहिली, बुद्धीही राहिली. पण डावे पाऊल लोंबू लागले. चालताना अंगठा जमिनीला अडकायचा आणि सारे शरीर पुढे कोसळू पाहायचे. रुग्णालयातून निघताना त्याला प्लास्टिकचा एक पट्टा दिला होता. पावलाखालून पोटरीपर्यंत जाणारा तो पट्टा बुटात बसवून बांधला की पाऊल उचललेले राहत असे. तो कसा बांधायचा, काठी कशी टेकायची, हे सारे शिकवूनच त्याला घरी सोडले होते.

दोन महिने झाले, तरी पट्टा खोक्यातच होता.

नैयायिकाला भय वाटत होते. पट्ट्याने घोटा आळसावला तर? लागलेली सवय सुटलीच नाही तर? जो पाय कदाचित सुधारला असता, तो आपणच आपल्या हाताने पांगळा केला तर? डॉक्टर म्हणाले होते, "वापरा, चाल सुधारेल." पण जन्मभर दुसऱ्यांच्या विधानांत दोष शोधलेल्या माणसाला तेवढे पुरेना. त्याने पुस्तके मागवली, वाचली आणि अधिकच घाबरला. तोवर पत्नीच्या खांद्यावर हात टाकून तो न्हाणीघरापर्यंत जाई. पावलागणिक पडण्याचे भय, आणि पडलो तर हिच्यासकट पडू, हे त्याहून मोठे.

अखेर त्याने आपल्या गुरुजींना बोलावले. नव्वदी ओलांडलेले गुरुजी रिक्षाने आले, खुर्चीत टेकले.

"बोल. कुठे अडलास?"

"गुरुजी, पट्टा घातला तर पाय जाईल; न घातला तर मी जाईन. काही ठरत नाही."

"तुझं कधी ठरलं होतं? लग्नाचा मुहूर्तसुद्धा दोनदा बदललास."

"तीनदा," पत्नी म्हणाली.

गुरुजी हसले. त्यांनी शिष्याच्या पायाकडे पाहिलेही नाही. स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून वरच्या फळीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "सूनबाई, तो पोह्यांचा डबा काढा पाहू."

शिष्य चकित झाला. गुरुजी बाहेर पाण्यावाचून काही घेत नसत. पत्नीने डावा हात वर केला.

"डाव्याने नको. उजव्याने."

ती घुटमळली. मग तिने उजवा हात उचलला. तो कानापर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला. डबा अजून हातभर वर होता.

"केव्हापासून?" गुरुजींनी विचारले.

"दीडेक महिना झाला. वय झालं आता. तेल लावते."

शिष्याने तिच्या उजव्या खांद्याकडे पाहिले. याच खांद्यावर तो दिवसातून आठ-दहा वेळा आपला भार टाकत होता.

"प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं तू चाळीस वर्षं शिकवलंस," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आधाराची सवय लागेल म्हणून भितोस. अरे, ती केव्हाच लागली आहे. आधार घ्यावा की नाही, हा तुझा प्रश्न नव्हताच. तो कोणाकडून घ्यावा, एवढाच होता. प्लास्टिकला कळ येत नाही."

"आणि पाय कधीच सुधारला नाही तर?"

"ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांना विचारत राहा, व्यायाम सोडू नकोस. पण तुझ्या भीतीचं ओझं दुसऱ्याच्या हाडांवर ठेवू नकोस."

शिष्याने खोके उघडले. तो पट्टा बांधू लागला. दोनदा बंद चुकला. पत्नी सवयीने पुढे सरसावली.

"तू बस," तो म्हणाला.

भिंतीच्या कडेने, काठी टेकत तो उठला. पहिले पाऊल त्याने भीतभीतच टाकले. अंगठा अडकला नाही. दुसऱ्या पावलालाही भय तेवढेच होते, पाचव्यालाही. न्हाणीघराच्या दाराशी पोचून, चौकट घट्ट धरून त्याने मागे पाहिले.

पत्नी खुर्चीत बसली होती. डोळे मिटून ती आपला उजवा खांदा चोळत होती; दीड महिन्यात प्रथमच, त्याच्यादेखत.