योक्वे म्हणजे नक्की काय?

"पण जिम्मा, तुमच्या या 'योक्वे'चा मी अर्थ काय घ्यायचा?"

लांग्रिन पुरता वैतागला होता. जिम्मा म्हणजे आजोबा. हे जिम्मा मार्शल बेटांतले नावाजलेले वाटाडे, होडीत पडल्या पडल्या पाठीला लागणाऱ्या लाटेवरून बेट कुठे आहे ते सांगणारे. वाळूत बसून ते काथ्याची दोरी वळत होते.

"आलो त्या दिवशी विचारलं, मला शिष्य कराल का? तुम्ही म्हणालात, योक्वे. काल विचारलं, परत जाऊ का? तरी योक्वेच!"

"मग? चुकलं का माझं?"

चुकलं कुठे! तीच तर पंचाईत. भेटलं तरी योक्वे, निरोप दिला तरी योक्वे. माया आली तरी तेच आणि कीव आली तरी तेच. लांग्रिनला हे आईनेच शिकवलेलं. पण गडी वाढला अमेरिकेत. तिथे ये म्हणजे ये आणि जा म्हणजे जा.

दुपारी जहाज सुटणार होतं. म्हाताऱ्याने पदरात घेतलं तर राहायचं, नाहीतर लहानपणापासूनची आस सोडून परत फिरायचं. बिचाऱ्याचं नुसतं तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

"मला चार भाषा येतात," तो फणकारला. "कुठल्याच भाषेत असला घोळ नाही."

"असेल बाबा. आपली गरीब. एकाच शब्दात संसार करते."

"जिम्मा, थट्टा पुरे! ठेवून घेताय की हाकलताय?"

म्हातारा उठला. काठाला लावलेल्या होडीकडे त्याने बोट दाखवलं.

"बस. आडवा हो. डोळे मीट."

लांग्रिन आडवा झाला. घेतलं वाटतं आपल्याला... आता जिम्माही चढतील...

होडीला जोराचा धक्का बसला.

त्याने डोळे उघडले. होडी पाण्यात निघाली होती आणि जिम्मा मागे, गुडघाभर पाण्यात उभे. हात रिकामे. चढायचं काही लक्षण नाही.

"अहो जिम्मा! हे काय? तुम्ही?"

जिम्मांनी नुसता हात हलवला.

"शिकवायला पाठवताय की घालवून देताय? आता तरी सांगा हो!"

एक लाट डावीकडून आली, एक समोरून. होडी हलली. लांग्रिन रडायच्या बेतात होता.

म्हाताऱ्याने दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडून सांगितलं,

"काठावरून ते मलाही कधी कळलं नाही रे, पोरा!"